पाथर्डीचं नाव मी खोडलं तेव्हा

रविवार, १ जून १९९७. ठिकाण: अकोले तालुक्यातलं धरणाच्या अलीकडचं गाव, गुरुजींच्या घराची पडवी. वेळ: सकाळी अकरा. हजर: अकोले, संगमनेर, राहुरी, नेवासा, श्रीगोंदा, पारनेर, नगर. कळवून गैरहजर: जामखेड (घरी लग्न), कोपरगाव (ताप). न कळवता गैरहजर: कोणी नाही.

वही माझी, अक्षर माझं. ती शेवटची ओळ लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे चांगलं आठवतं. न कळवता गैरहजर कोणीच नाही, असं त्या दीड वर्षात पहिल्यांदा घडत होतं. त्याच वेळी नगरला, स्टँडसमोरच्या बागेत, एक बाई आपल्या मुलीला घेऊन आमची वाट पाहत बसली होती. तिचं नाव हजरमध्ये नव्हतं आणि गैरहजरमध्येही नव्हतं. मीच ते यादीतून काढलं होतं.

हे तालुके म्हणजे माणसं. आमच्या जिल्ह्याचं रेडिओ केंद्र सुरू होऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. दुपारी फर्माईशीचा कार्यक्रम लागायचा. गाण्याआधी पत्रं पाठवणाऱ्यांची नावं आणि गावं वाचून दाखवायचे, कधी कधी गाण्यापेक्षा नावंच जास्त वेळ चालायची. रोज ऐकून ऐकून काही नावं घरच्यासारखी झाली होती. नेवाशाचा एक टेलर दर आठवड्याला असायचाच. अकोल्याचे एक गुरुजी नेहमी जुनी गाणी मागायचे. या माणसांचा चेहरा कसा असेल, असं मला वाटायचं. मी सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर होते. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा, नोंदवायचं, पुढे पाठवायचं, हे माझं काम. एक दिवस मीच रेडिओला पत्र लिहिलं: जानेवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता नगरला स्टँडसमोरच्या बागेत कोणी श्रोते भेटतील का? ओळख पटावी म्हणून हातात एक कोरं पोस्टकार्ड धरावं.

ते पत्र वाचलं गेलं. नऊ जण आले. नऊ माणसं हातात कोरी कार्डं धरून बागेत उभी, आणि माळी आमच्याकडे संशयानं बघतोय. पहिला नेवाशाचा टेलर हसला.

"ओ बाई, तुम्हीच का त्या नगरच्या? आवाजावरनं वाटलं होतं सत्तरीच्या असाल."

"माझा आवाज कुठे ऐकलात तुम्ही?"

"तुमचा न्हाई, तुमचं नाव वाचणाऱ्याचा."

तेव्हापासून नावं मागे पडली. जो तो आपल्या तालुक्याच्या नावानं. "नेवासा, चहा सांग." "अकोले, सरका की जरा." दर महिन्याचा पहिला रविवार, तीच बाग, तीच वेळ. शेंगदाणे, भेळ, गप्पा, आणि दुपारी कार्यक्रमाच्या वेळी मधे एक ट्रान्झिस्टर. ज्याचं नाव लागेल त्यानं उभं राहायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. एवढंच. कसलं मंडळ नाही, अध्यक्ष नाही.

पण यादी होती. ती माझी होती. दर महिन्याला आठ दिवस आधी मी प्रत्येकाला एक कार्ड टाकायची आणि येणार की नाही ते एका ओळीत कळवायला सांगायची. उत्तराला पत्ता माझ्या कचेरीचा, कारण अनोळखी लोकांची पत्रं घरी आली की घरमालक विचारत बसायचे. माणसं वाढली तशी न कळवणारीही वाढली. भेळ जास्त व्हायची किंवा कमी पडायची. तेव्हा मी नियम केला: सलग तीन कार्डांना उत्तर नाही, तर नाव कमी. सगळ्यांनी मान हलवली. नेवासा म्हणाला, "आता पगार कापायचं तेवढं राहिलंय."

पाथर्डी मे महिन्यात आली. तिशीच्या आतली, काटक, डोक्यावरून पदर, आणि सातवीपर्यंत शिकलेली. ती आणि नवरा दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जायचे. तिची कार्डं रेडिओवर मी आधी ऐकली होती, पण प्रत्येक वेळी पत्ता वेगळा असायचा, कधी या कारखान्याचा तळ, कधी त्या. मी वही उघडून पत्ता विचारला.

"कंचा सांगू?" ती म्हणाली. "सा म्हैने घर, सा म्हैने ऊस. तळावर टपाल येत न्हाई. कारखान्याच्या हापिसात पडून ऱ्हातं, मुकादम आनंल तवा."

"एकच पत्ता लागतो. गावचा सांगा."

तिनं गावचा सांगितला. मी लिहिला. ती पुढे जे बोलली होती ते लिहायला माझ्या वहीत रकाना नव्हता.

जुलैपासून ती मुलीला बरोबर आणू लागली. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. बसमधून उतरल्यापासून दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत यायची. बिस्किटांची, पानाच्या दुकानाची, "येथे थुंकू नये"ची. एकदा मी हजेरी घेत होते तर माझ्या खांद्यावरून वाकून तिनं सगळी यादी वाचून काढली आणि विचारलं, "माजं कुटंय?"

"तुझं नाही. आईचं आहे ना."

"मी बी येती की."

सगळे हसले. मी "पाथर्डी" च्या खाली "पाथर्डी (लहान)" असं लिहिलं. तिनं त्यावर बोट ठेवून दोनदा वाचून बघितलं.

ऑक्टोबरच्या भेटीत पाथर्डीनं तोडीचा विषय काढला. दसरा झाला की टोळी निघणार होती. धाकटा मुलगा अंगावर पिणारा, त्याला तळावरच्या झोपडीत, कोपीत, सांभाळायला मुलगी बरोबर न्यायची. शाळा तोवरच. गेल्या वर्षी मास्तरांनी सांभाळून घेतलं म्हणून पास झाली, दरवर्षी कोण सांभाळेल? ती हे कुणाकडे काही मागावं म्हणून सांगत नव्हती. शेंगा फोडता फोडता सांगत होती.

मी तिथेच म्हणाले, "पुढच्या जूनपासून माझ्याकडे ठेव. आमच्या गल्लीत शाळा आहे."

हे मी ठरवून बोलले नव्हते. माझं लग्न झालं नव्हतं, स्थळं यायची थांबली होती, घरी मी आणि आई. तरीही बोलून झाल्यावर लक्षात आलं की मला हे मनापासून हवं होतं.

पाथर्डीनं शेंग हातातच धरली. "खरं म्हनताय, ताई?"

"खोटं कशाला बोलू? उन्हाळ्यात टोळी परत आली की कार्ड टाक. मग दिवस ठरवू."

"घरात इचारावं लागंल. सासरा लई कडक हाय."

"विचार. मी आहे."

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं ती रागवेल. ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली आणि म्हणाली, "केस कुणी विंचरायचे तिचे? तुला तर स्वतःचे विंचरायला वेळ नसतो." दुसऱ्या दिवशी तिनं फडताळाचा खालचा कप्पा मोकळा केला.

नोव्हेंबरचं कार्ड गेलं. डिसेंबरचं गेलं. जानेवारीचं गेलं. उत्तर नाही. जानेवारीअखेर मी यादी नव्यानं लिहून काढली आणि त्यात पाथर्डी घेतली नाही. लहान पाथर्डीही नाही. फेब्रुवारीच्या भेटीत अकोल्याच्या गुरुजींनी यादीवर नजर टाकली आणि म्हणाले, "अहो, ती बाई तोडीला आहे. उत्तर कुठून देणार?"

"गुरुजी, नियम सगळ्यांना सारखा. परत आली की परत लिहू."

हे मी हसत म्हणाले होते. पुढे एप्रिलमध्ये टोळ्या परतल्या, मी रोज टपालात तिचं अक्षर शोधायची आणि ते नसायचं. आई विचारायची, "त्या पोरीचं काय झालं?" मी म्हणायची, येईल कार्ड. मे आला. मला हळूहळू राग यायला लागला. मला वाटलं, तिचं मन बदललं असेल, सासऱ्यानं नाही म्हटलं असेल. मग तसं एका ओळीत कळवायला काय झालं? मोकळा कप्पा रोज डोळ्यासमोर होता आणि त्याचा मला अपमान वाटत होता. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसं वाटत होतं.

जूनची भेट आमच्या गावी करा, करवंदं-जांभळं खायला या, असं गुरुजींनी सुचवलं. नगरच्या उन्हातून सुटका म्हणून सगळे तयार झाले. जागा बदलल्याची कार्डं मी टाकली, यादीतल्या बाकी आठ जणांना. गुरुजींनी परत विचारलं, "पाथर्डीला कळवलंत ना?"

"ती यादीत नाही. ज्याला यायचंय तो कळवतो."

एक कार्ड जास्त टाकायचं होतं फक्त.

तयारीसाठी मी शनिवारची रजा काढून आदल्या दिवशीच अकोल्याला गेले. रविवार छान झाला. सोमवारी कचेरीत आले तर शनिवारचं टपाल माझ्या टेबलावर होतं. सहकाऱ्यानं सवयीनं सगळ्यावर आवक शिक्का मारून ठेवला होता. त्यातलं एक कार्ड खाजगी होतं.

"ताईस नमस्कार. घरचे हो म्हणाले. पहिल्या रविवारी बागेत पोरीला घेऊन येते. कपडे तीन जोड आहेत. ती भात खाते, पोळी कमी खाते. उशीर झाला माफी असावी."

मी ते उभ्यानं वाचलं. मग खाली बसले. मग परत वाचलं. कचेरीच्या आवारातच राहणाऱ्या शिपायाला विचारलं, काल कोणी आलं होतं का? तो म्हणाला, "एक बाई आली हुती दुपारी, पोरगी आन् पत्र्याची पेटी घिऊन. म्हनलं, ऐतवारी कुलूप असतंय."

पुढच्या रविवारी पाथर्डीची एसटी पकडली, तिथून जीपनं तिच्या गावाला गेले. आठ दिवस का थांबले? रजा शिल्लक नव्हती. हेही खरंच कारण होतं, आणि तरीही ते कारण नव्हतं. मला जायची भीती वाटत होती.

ती पावसाआधी घरावरचे पत्रे सारखे करत होती. मला पाहून शिडीवरून उतरली, हात धुतले, तांब्याभर पाणी दिलं. सासरा बाजेवर बसला होता. मुलगी दारात भावाला कडेवर घेऊन उभी होती, त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

"तुझं कार्ड मला सोमवारी मिळालं," मी म्हणाले.

"आदीच टाकाया पायजे हुतं मी. पन घरात बेस्तरवारी हो म्हनले." ती जणू तिचीच चूक असल्यासारखं बोलत होती. "आजारी-बिजारी हायसा का काय, असं वाटलं मला."

"आम्ही अकोल्याला गेलो होतो. भेट तिकडे होती."

"समदेच?"

"हो."

तिनं पदराला ओले हात पुसले. "पोरगी म्हनली, आई, आपन चुकीच्या बागंत आलो. म्हनून दुसरी बाग हुडकली. तिथं बी बसलो. मग परत पयल्या बागंत आलो, म्हनलं तवर आल्या असत्याल."

मला वाटलं, आता सगळं सांगून टाकावं. "मी तुझं नाव काढलं होतं यादीतून. तीन कार्डांना उत्तर आलं नाही म्हणून."

"तीन बी घावली की मला. सासूनं डब्यात ठिवली हुती. आल्यावर वाचली, लई बरं वाटलं." मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "पन तळावर टपाल येत न्हाई, ताई. सांगितलं हुतं की मी."

मी सासऱ्याकडे वळले. हात जोडले, चूक माझी आहे म्हटलं, मुलीला आजच घेऊन जाते म्हटलं.

"बाई, बसा, च्या घ्या," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ही म्हैनाभर मागं लागली, तवा म्या हो म्हनलं. भावकीत सांगितलं, नात नगरला शिकाया चाललीया. सांजंला ती पेटी घिऊन म्हागारी आली. आता लोक इचारत्यात, नगर एका दिसात झालं व्हय? एकदा हो म्हनलं. आता दुसऱ्यांदा हो म्हननार न्हाई."

पाथर्डी मान खाली घालून उभी होती. मला कळलं की महिनाभर भांडून तिनं जे मिळवलं होतं ते एकदाच खर्च करता येण्यासारखं होतं.

मुलगी जवळ आली. "तुमच्या वहीत माजं नाव हाय का अजून?"

मी "आहे" म्हणाले.

जीपपर्यंत पाथर्डी सोडायला आली. पदराखालून तिनं घडी घातलेला एक कागद काढला. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. घरचे हो म्हणतील या आशेवर, नगरच्या शाळेसाठी तिनं एप्रिलमध्येच, सुट्टी लागण्याआधी, गावच्या शाळेतून काढून घेतला होता. म्हणजे मुलीचं नाव आता इथल्या शाळेतही नव्हतं.

"तुमी सरकारी मानूस," ती म्हणाली. "हेडमास्तर तुमचं ऐकत्याल. शाळा उघडली की तेवढं नाव परत घालून द्या. दिवाळीपत्तुर तरी जाईल."

खरं म्हणजे तिनं स्वतः तो कागद शाळेत नेऊन दिला असता तरी काम झालं असतं. तसं मी म्हणायला हवं होतं. पण मला तिच्यासाठी काहीतरी करायचंच होतं. मी दाखला घेतला, पर्समध्ये नीट ठेवला आणि म्हणाले, "काळजी करू नकोस. मी बघते."

आणि मी माझ्या पद्धतीनं बघितलं. रिकाम्या हातानं जायचं नाही, कागद पक्का असावा, म्हणून शिक्षण विभागातून हेडमास्तरांच्या नावे एक पत्र मिळवायचं ठरवलं. अर्ज केला. टिपणी झाली. साहेब दौऱ्यावर होते. मग सहीला गेलं. मी रोज जाऊन विचारायची, पाठपुरावा करण्यात माझा हात कोणी धरू शकलं नसतं. जुलै लागल्यावर सही-शिक्क्याचं पत्र हातात आलं आणि दुसऱ्याच दिवशी मी बिनपगारी रजा टाकून गेले.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि समोर लिंबाचं झाड. हेडमास्तरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

"बाई, याची काय गरज होती? नुसता दाखला आणला असता तर त्याच दिवशी नाव घातलं असतं."

"मुलगी आहे का वर्गात?"

"आठ दिवस आली. रोज येऊन बसायची. हजेरीत नाव नाही म्हणून वर्गावरचे गुरुजी पुकारायचे नाहीत. मी म्हटलं होतं, बसू दे, कागद येईल. नवव्या दिवसापासून आली नाही. मावशीकडे पाठवली म्हणतात, बीडच्या बाजूला. मावशी बाळंत झालीय, मूल धरायला कोणी नाही."

मी दाखला पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "आता मला देऊन उपयोग नाही. जिथे पोरगी आहे, तिथल्या शाळेत लागेल तो. त्याशिवाय तिथे घेणार नाहीत."

पाथर्डीच्या घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, सगळी खुरपायला गेलीत, लांब. मी पायरीवर बसले. परतीची जीप आली तेव्हा उठले. थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी कचेरी होती.

घरून तिला कार्ड टाकलं: मावशीच्या गावाचा पत्ता कळव, दाखला घेऊन मी जाते. उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये दुसरं टाकलं, सप्टेंबरमध्ये तिसरं, चौथंही टाकलं. दिवाळीआधी टोळ्या निघून गेल्या.

पुढच्या भेटीत मी सगळ्यांना झालेलं सांगितलं. नेवाशाचा टेलर, जो कधी गप्प बसायचा नाही, तो टोपी हातात फिरवत बसला आणि शेवटी म्हणाला, "बाई, माणसं भेटायला येत होती ओ. तुम्ही हजेरी कशाला घेतली?" कोणी त्याला अडवलं नाही. मीही नाही. आणखी काही महिने आम्ही जमलो. मग चार जण, मग तीन. एका रविवारी मी आणि गुरुजीच होतो. कार्यक्रम लागला, दोघांपैकी कोणाचंच नाव लागलं नाही, आणि आम्ही आपापल्या बस पकडल्या.

रेडिओ मी पुढेही ऐकत राहिले. पाथर्डी तालुका म्हटलं की हातातलं काम थांबायचं. तिचं नाव पुन्हा कधी आलं नाही. आईनं फडताळाचा तो कप्पा वर्षभर तसाच ठेवला, नंतर त्यात गोधड्या ठेवल्या. 

दाखला माझ्याकडेच आहे. त्यावर मुलीचं पूर्ण नाव आहे, जन्मतारीख आहे, शाळा सोडण्याचं कारण आहे: "पालकांच्या विनंतीवरून, नगर येथे शिक्षणासाठी." वर्तणूक: चांगली. घड्यांवर कागद विरला आहे म्हणून मी मागून पातळ कापड लावलं. ती आता मोठी बाई असेल, तिला स्वतःची मुलं असतील, त्याचा उपयोग आता कोणालाच नाही, हे मला कळतं. तरी तो तिचा आहे. तिच्या आईच्या गावी जायचं, मावशीचं गाव कोणतं ते विचारायचं, तिथून ती पुढे कुठे दिली ते विचारायचं आणि कागद तिच्या हातात द्यायचा. एवढं करायचं राहिलं आहे.